गुरुवारच्या बैठकीची वेळ

सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकून थंडी ओसरायला लागली होती. माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि मी त्यांना लगेच गावी जाऊ दिलं नाही. गाव मोडनिंबच्या अलीकडं. घरात भाऊ-भावजय आहेत, पण ज्वारीची काढणी तोंडावर आलेली. दिवसातून सहा वेळा त्यांच्या डोळ्यात थेंब कोण घालणार? म्हणून अण्णा महिनाभर सोलापुरात माझ्याकडं राहिले. अक्कलकोट रोडच्या अलीकडं आमचं दोन खोल्यांचं घर आहे. शेजारपाजार सगळा विणकरांचा, आपसात तेलुगू बोलणारा. मागच्या गल्लीत यंत्रमाग दिवसभर खडखडत असतात. नवख्या माणसाला तो आवाज सोसत नाही. अण्णांना मात्र दुसऱ्याच दुपारी त्यात गाढ झोप लागली. उठल्यावर म्हणाले, पत्र्यावर पाऊस पडत होता असं वाटलं.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. नवरा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करतो. त्याची दुसरी शिफ्ट असली की संध्याकाळचं घर माझं एकटीचं असतं, आणि दर गुरुवारी त्या रिकाम्या घरात मी एक बैठक भरवत असे.

कसली बैठक, ते सांगायला हवं. जगभरातली छोटी ग्रंथालयं वापरतात असं एक सॉफ्टवेअर आहे. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणी नेलं, कधी परत केलं, हे सगळं त्यात राहतं. ते कुठल्या कंपनीचं नाही. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावा, ज्याला हवं त्यानं फुकट वापरावा. मी त्यात शिरले ती ‘ळ’ या अक्षरामुळं. आपल्या शब्दकोशात ‘काव्य’ आधी येतं आणि ‘काळ’ नंतर, कारण ळ हा ह च्याही पलीकडं बसतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ळ ल च्या मागोमाग यायचा आणि आमच्या मराठी पुस्तकांची यादी विस्कटायची. मी मोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली. ब्राझीलमधल्या एका शाळामास्तरानं, ज्यानं जन्मात हे अक्षर पाहिलं नव्हतं, मला दहा प्रश्न विचारले आणि आठ दिवसांत ळ आपल्या जागी जाऊन बसला. आभार मानायला म्हणून मी त्यांच्या गुरुवारच्या ऑनलाइन बैठकीला गेले. तिथं कुणीतरी विचारलं, इतिवृत्त कोण लिहील. कॉलेजात बारा वर्षं इतिवृत्तं लिहिलेली मी, हात वर केला. त्यानंतर ते काम माझ्याकडंच राहिलं. हळूहळू विषयपत्रिका काढणं, सगळ्यांना वेळ कळवणं, ठरल्या वेळी बैठकीची खोली उघडणं, हेही माझंच झालं. कोड मला एका ओळीचाही लिहिता येत नाही. पण दार उघडायला कुणीतरी लागतंच.

त्या बैठकांची आठवण आली की मला आधी उजेड आठवतात. एकाच पडद्यावर आठ-दहा चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत दिवसाचा वेगळा प्रहर. ब्राझीलच्या मास्तरामागं भर दुपार, इतकी पांढरी की त्याचा चेहरा अंधारा दिसायचा. जर्मनीतल्या एका लहान गावचे ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांनी हे सॉफ्टवेअर सुरू केलं, त्यांच्या खिडकीत चार वाजताच हिवाळ्याची निळसर सांज उतरलेली असायची. माझ्या मागं ट्यूबलाइट आणि दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. बोलणं ऐकता ऐकता माझं लक्ष त्या खिडक्यांकडं जायचं. वाटायचं, सूर्य एका घरातून उठून दुसऱ्या घरात जातोय आणि आम्ही सगळे त्याच्या वाटेवर दारं उघडून बसलोय. मग कुणीतरी माझं मत विचारायचं आणि मी दचकून म्हणायचे, लिहितेय, लिहितेय.

एक चौकट कायम काळी असे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडं, समुद्रकाठच्या एका गावच्या ग्रंथपाल बाईंची. कॅमेरा कधी लावायच्या नाहीत. बोलायच्या अगदी थोडं आणि इतकं हळू की जर्मनीचे गृहस्थ दोनदा ‘काय म्हणालात’ विचारायचे आणि मग पुढच्या विषयाला लागायचे. मी त्यांना शांत स्वभावाच्या समजत होते. दोन वर्षं तसंच समजत होते.

त्या गुरुवारी अण्णा खाटेवर बसलेले होते. डोळ्याला काळा चष्मा. टीव्ही बघायची मनाई. त्यांना एकटं वाटू नये म्हणून मी कानाला काही न लावता, आवाज मोकळा ठेवून बैठक चालवली. इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. तरी ते मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. बैठक संपली, मी लॅपटॉप मिटला, तेव्हा त्यांनी विचारलं, “ती हळू बोलणारी बाई कोण?”

मी सांगितलं, न्यूझीलंडची आहे, तिचा आवाजच तसा आहे. नाहीतर माइक खराब असेल.

“आवाज न्हाय तसा,” अण्णा म्हणाले. “तिच्या घरात कुणीतरी निजलंय. त्याला उठवायचं न्हाय, म्हणून तशी बोलतीया.”

मी हसले. तुम्हाला कसं कळलं, म्हणून विचारलं.

“रातच्या पाण्याची पाळी आली की तुझ्या आईशी मी तसाच बोलत हुतो. तुमी पोरं निजलेली असायचा.”

मग त्यांनी विचारलं की तिकडं आता किती वाजले असतील. मला ते पाठ असायला हवं होतं. मी बैठकीची वेळ कळवणारी. पण मी प्रत्येकाला जर्मनीची वेळ कळवून मोकळी व्हायचे. आपापला हिशेब ज्यानं त्यानं करावा. मी बोटांवर मोजलं. पहाटेचे साडेचार. तिच्याकडं बैठक पहाटे चारला सुरू झालेली. आणि मग लक्षात आलं, उन्हाळ्यात जर्मनीत घड्याळं पुढं सरकतात, न्यूझीलंडमध्ये मागं. तेव्हा ही बाई रात्री दोनला उठून बसते.

“दर गुरुवारी?” अण्णांनी विचारलं.

दर गुरुवारी, मी म्हणाले.

जेवताना, भाकरी दुधात कुस्करता कुस्करता, ताटाकडंच बघत अण्णा म्हणाले, “आमच्या हिरीवर रातची पाळी एकालाच कधी दिली न्हाय.”

आमची विहीर चौघा भावकीत सामाईक. वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री यायची. कुणी कधी भिजवायचं हे अण्णा ठरवायचे, कारण त्यांच्यावर कुणाचा संशय नव्हता. मला तो कंदील, ओल्या मातीचा वास आणि दाराबाहेरची कुजबूज अर्धवट झोपेत ऐकल्यासारखी आठवते. ते खरंच ऐकलं होतं की आईनं सांगितलेलं आहे, आता सांगता येणार नाही.

रविवारी दुपारी मी जुनी इतिवृत्तं काढून बसले. अण्णा झोपले होते. बाहेर ऊन चढलं होतं, पण माग बंद असल्यामुळं गल्ली कान बसल्यासारखी गप्प होती. दोन वर्षांच्या पानांवर मला माझंच एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: ‘न्यूझीलंडच्या सदस्य बोलल्या, आवाज नीट आला नाही.’ मीच लिहिलेलं, माझ्याच नीटनेटक्या भाषेत. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी बैठकांचं ध्वनिमुद्रण ठेवलेलं असतं. मी कानात इअरफोन घातले, आवाज पूर्ण वाढवला आणि ती ती जागा शोधून ऐकायला लागले.

आधी फक्त खरखर. मग त्या खरखरीच्या तळाशी एक आवाज, पाण्याखालून आल्यासारखा. मागं कुठंतरी घड्याळाची टिकटिक. एकदा दार कुरकुरलं आणि बाई वाक्याच्या मधेच थांबल्या. खूप वेळ फक्त टिकटिक, आणि पुन्हा त्या जिथं थांबल्या होत्या तिथूनच बोलायला लागल्या. तेवढ्या वेळात बैठक पुढं गेलेली होती. मी डोळे मिटून ऐकत होते. आपण दुसऱ्याच्या घरात, अंधारात, अनवाणी उभे आहोत असं वाटत होतं.

त्या काय सांगत होत्या तेही हळूहळू कळलं. त्यांच्याकडं सकाळी परत आलेलं पुस्तक सॉफ्टवेअर आदल्या दिवशी परत आल्याचं दाखवायचं, आणि सकाळी नेलेलंही आदल्या दिवशी नेल्याचं. तारखेचा हिशेब कुठंतरी युरोपच्या दिवसाला बांधलेला होता; त्यांचा दिवस उजाडायचा तेव्हा तिकडं अजून कालच असायचा. त्यामुळं मुदत एक दिवस आधीच संपायची आणि शेवटच्या दिवशी दुपारी, वेळेत पुस्तक आणणाऱ्या वाचकांना उशीर झाल्याची पत्रं जायची. म्हातारी माणसं तक्रार घेऊन यायची. हे त्यांनी मी ऐकलेल्या बैठकांपैकी तीनमध्ये सांगितलं होतं. तिन्ही वेळा मी लिहिलं होतं, आवाज नीट आला नाही.

मग मी त्यांची पहिली लेखी तक्रार शोधली. दोन वर्षांपूर्वीची. तिच्याखाली एक उत्तर होतं आणि तक्रार बंद केलेली होती. उत्तर एका ओळीचं: कृपया हा विषय गुरुवारच्या बैठकीत मांडावा. ती ओळ माझी होती. तेव्हा मी नवीन होते आणि ज्या तक्रारीचं काय करायचं ते कळत नसे, तिच्याखाली ती ओळ टाकत असे. म्हणून त्या बाई बैठकीला यायला लागल्या होत्या. मी बोलावलं होतं.

अण्णांना थेंब घालायची वेळ झाली होती. पहिला थेंब गालावर पडला. ते म्हणाले, दम खा, मग घाल.

मी बाईंना पत्र लिहिलं. तीनदा लिहून खोडलं. शेवटी सरळ विचारलं, की बैठकीच्या वेळी तुमच्या घरात कोण झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांची आई. आईला विसरायला होतं, रात्री जाग आली की ती दार उघडून समुद्राकडं चालायला लागते. भिंत लाकडाची, पातळ. म्हणून हळू बोलावं लागतं. वेळेबद्दल कधी बोलला का नाहीत, असंही मी विचारलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, ‘बैठक तुमची होती. मी स्वतःला पाहुणी समजत होते.’ खाली असंही लिहिलं होतं की त्या वेळी आपल्या गावात दिवा फक्त आपल्याच खिडकीत असतो, आणि इतक्या लांबचे लोक बोलताना ऐकत बसायला बरं वाटतं.

पुढच्या बैठकीत मी विषयपत्रिकेत शेवटचा विषय म्हणून ‘बैठकीची वेळ’ घातला. त्याआधी दोन दिवस बसून मी एक तक्ता केला. तीन वेगवेगळ्या वेळा ठरवल्या, आळीपाळीनं. एका गुरुवारी नेहमीची. पुढच्या खेपेला आमच्याकडं दुपारी साडेबारा, जेव्हा न्यूझीलंडमध्ये संध्याकाळ असते आणि ब्राझीलच्या मास्तराला पहाटे चारला उठावं लागतं. तिसऱ्या खेपेला मी पहाटे साडेचारला उठणार, जर्मनीचे गृहस्थ मध्यरात्र उलटून जागणार, आणि न्यूझीलंडमध्ये चक्क दुपार. प्रत्येकाच्या वाट्याला रात्र यायचीच. फक्त फिरत येणार होती.

ब्राझीलचा मास्तर लगेच म्हणाला की त्याचा कोंबडा चारलाच ओरडतो, अडचण नाही. जर्मनीचे गृहस्थ मात्र तक्ता पुन्हा वरून खाली वाचत होते. सज्जन माणूस, वीस वर्षं त्यांनी या कामाला दिलेली. ळ ची तक्रार घेऊन आले तेव्हापासून आजवर त्यांनी मला कधी दुखावलं नव्हतं. ते म्हणाले, जे सगळ्यात जास्त काम करतात त्यांनी बैठकीला ताजंतवानं असायला हवं. मध्यरात्री घेतलेले निर्णय चुकतात. आणि गुरुवारी चार ही वेळ पहिल्या दिवसापासून आहे.

मला वरिष्ठांशी वाद घालायची सवय नाही. कॉलेजातही मी ठरावाच्या बाजूनं हात वर करणारी. पण त्या दिवशी मी माइक चालू केला आणि म्हणाले, “पहिल्या दिवशी न्यूझीलंडच्या बाई नव्हत्या. दोन वर्षं त्या मध्यरात्रीच निर्णय घेतायत. त्यांचे काही चुकलेले मला दिसले नाहीत. माझे दिसलेत.”

मग मी माझ्या त्या एका ओळीच्या उत्तराची गोष्ट सगळ्यांना सांगितली. तारखेच्या दोषाबद्दल मात्र बोलले नाही. ते त्यांनी स्वतः, पुऱ्या आवाजात सांगावं असं मला वाटत होतं. शेवटी जर्मनीचे गृहस्थ म्हणाले की तीन महिने करून बघू. त्यांना पटलेलं नव्हतं, ते आवाजात कळत होतं. मी तसंच इतिवृत्तात लिहिलं: एकमत नाही, प्रयोग मान्य.

पहाटेची पहिली बैठक मार्चच्या अखेरीस आली. अण्णा मधे गावी जाऊन ज्वारीची काढणी बघून आले होते आणि दुसऱ्या डोळ्यासाठी परत माझ्याकडं होते. मी सगळ्यांना या वेळी त्यांच्या त्यांच्या घड्याळाप्रमाणं वेळ कळवली होती. रात्रभर धड झोप लागली नाही. आपण उठलोच नाही तर, ही धास्ती. सव्वातीनला उठून बसले आणि साडेतीनला, उगीच, बैठकीची खोली उघडली. दोनच मिनिटांत एक चौकट उजळली. जर्मनीचे गृहस्थ. डोक्याला लोकरी टोपी, टेबलावर पिवळा दिवा.

त्यांनी विचारलं की बाकीचे कुठं आहेत. मी तक्ता उघडला आणि चूक दिसली. आदल्याच रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढं गेली होती आणि मी जुन्या हिशेबानं त्यांना मध्यरात्री बाराची वेळ कळवली होती. खरी वेळ एकची. ज्या माणसाला ही बैठक नकोच होती, त्याला मी तासभर आधी जागवून ठेवलं होतं. मी माफी मागितली. ते म्हणाले, घड्याळ मी स्वतःच्या हातानं पुढं केलं, तरी तुमच्या पत्रावरच विश्वास ठेवला. आता बसू या.

आणि आम्ही बसलो. या दोन-अडीच वर्षांत आम्ही दोघंच कधी बोललो नव्हतो. मला वाटलं होतं ते तक्रार करतील. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं बाहेर काय दिसतं. मी लॅपटॉप उचलून खिडकीशी नेला. गल्लीतला एकच दिवा आणि त्याच्याभोवती किडे, बाकी अंधार. तेवढ्यात पाणी आलं. आमच्या नळाला चार दिवसांतून एकदा पाणी येतं आणि ते नेमकं तेव्हा आलं. घराघरांतून बायका पाइप, बादल्या घेऊन बाहेर आल्या, मोटारी घुमायला लागल्या, तेलुगूत हाका सुरू झाल्या. गृहस्थांनी विचारलं, काही सण आहे का. मी म्हणाले, पाणी आलंय. ते कधी येतं याचा तक्ता कुणी करत नाही का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, आणि मला हसू आलं. अण्णांनी आत माझ्या नवऱ्याला उठवलं आणि दोघं पिंप भरायला लागले.

मग त्यांनी गुरुवारी चारची गोष्ट सांगितली. सुरुवातीला ते तिघंच होते, एकाच कचेरीतले. गुरुवारी साडेतीनला सुटी व्हायची. कोपऱ्यावरच्या बेकरीत बसून ते काम करायचे. पुढं एकजण दूरच्या शहरात गेला, एक वारला. बेकरीही बंद झाली. ते म्हणाले, “जगभरचे लोक येत गेले आणि मी सगळ्यांना त्याच टेबलावर बसवत राहिलो. टेबल राहिलेलंच नाही, हे आज रात्री कळतंय.”

त्यांच्याकडं पावसाचे थेंब काचेवरून ओघळत होते, माझ्याकडं पिंपात पाणी पडत होतं. बाहेर गलका चालू असूनही जगात आम्ही दोघंच जागे आहोत असं वाटत होतं. खरं तर अर्धं जग त्या वेळी कामावर होतं.

साडेचारला बाकीचे यायला लागले. ब्राझीलचा मास्तर जेवून उठलेला, त्याच्याकडं अजून गुरुवारच होता. आणि मग काळी चौकट उजळली. इतकं ऊन आत आलं की माझी खोलीसुद्धा त्या उजेडात फिकी दिसायला लागली. खिडकी, खिडकीत समुद्राची एक पट्टी, आणि तिच्यासमोर पासष्टीच्या, रुंद खांद्यांच्या, पांढरे केस मोकळे सोडलेल्या बाई. त्या ग्रंथालयात बसलेल्या होत्या.

“ऐकू येतंय ना आता?” त्यांनी विचारलं.

काय आवाज होता तो. खणखणीत, बाजारात दोन गल्ल्या पलीकडं जाईल असा. मी घाईनं आवाज कमी केला. आतल्या खोलीतून अण्णा ओल्या हातानं दारात आले. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली. ते तिथंच चौकटीला टेकून उभे राहिले आणि बैठक संपेपर्यंत हलले नाहीत.

बाईंनी तारखांचं सगळं सांगितलं. कुणाकुणाला चुकीची पत्रं गेली, त्यांनी स्वतः सकाळच्या पुस्तकांसाठी वेगळी वही कशी ठेवली, सगळं. सांगताना त्या मधेमधे खो खो हसत होत्या. एक म्हातारे गृहस्थ पत्र घेऊन आले आणि म्हणाले की तुमच्या यंत्राला मी काल जिवंत होतो एवढंच माहीत आहे, आजचं माहीत नाही. सगळे हसले. जर्मनीचे गृहस्थ हसले नाहीत. पूर्ण ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “तारीख मोजणारी कोडची ती ओळ मी लिहिली आहे. बेकरीत बसून.” बाईंपाशी त्यांनी थेट माफीचा शब्द काढला नाही; तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण बैठक संपल्यावर ते झोपायला गेले नाहीत. आमचं सकाळचं ऊन ओट्यावर यायच्या आत दुरुस्ती येऊन पडली होती, आणि तिच्यासोबत बाईंच्या नावे एक टीप, तपासून बघाल का म्हणून.

मी गच्चीवर गेले. तळव्यांना रात्रीची गार फरशी बरी वाटत होती. पहिल्या शिफ्टचे लोक सायकली, मोटारसायकलींवरून अक्कलकोट रोडकडं निघाले होते. डोळ्यांत झोप होती आणि सगळं जरा हलतंय असं वाटत होतं, पाण्यातल्या सावलीसारखं.

तीन महिने संपले तेव्हा कुणी विषय काढला नाही आणि वेळा फिरत राहिल्या. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ब्राझीलचा मास्तर पहाटे चारला पाचसहा वेळा आला, पुढं त्याला मूल झालं आणि त्या खेपेला तो लिहून कळवायला लागला. त्याची उणीव भासते. कोरियातले एकजण तीन वेळांचा घोळ सोसेना म्हणून सोडूनच गेले. त्यांचं पत्र सभ्य होतं, तरी मला लागलं. जर्मनीचे गृहस्थ मध्यरात्रीच्या बैठकीला दर वेळी येतात, टोपी घालून. नव्या आवृत्तीचं काम आता न्यूझीलंडच्या बाई बघतात. त्यांच्या आईची रात्रीची जाग वाढली आहे, आणि ज्या गुरुवारी त्यांच्या वाट्याला रात्र येते त्या वेळी आम्ही त्यांना बोलायला लावत नाही. त्या लिहितात आणि मी वाचून दाखवते.

अण्णा दोन्ही डोळे घेऊन गावी गेले. फोनवर कधीतरी विचारतात, बैठकीला माणसं येतात का म्हणून.

येतात. एकदाच कुणी आलं नाही, ते गेल्या मे महिन्यात. दुपारी साडेबाराची खेप होती. कुणाकडं सुटी, कुणी प्रवासात, कुणी कळवायचं विसरलं असेल. कॉलेजला सुटी लागलेली, ग्रंथालयात मी एकटी. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही, पंखा गरम वारा ढकलतोय. मी वेळेवर खोली उघडली. पडद्यावर एकच चौकट, तिच्यात मी, माझ्यामागं कपाटांच्या रांगा. दहा मिनिटं बसले, मग वीस. कंटाळा आला नाही. कुठं कुणाकडं काय वाजले असतील ते मनात मोजत राहिले, आणि मोजता मोजता डुलकी लागली असावी, कारण घड्याळात एक वाजून गेला होता. नियमाप्रमाणं मी इतिवृत्त लिहिलं. उपस्थित: एक. विषय: नाही. निर्णय: नाही. आणि ते नेहमीच्या जागी लावून खोली बंद केली.

संध्याकाळी पाहिलं तर त्याखाली जर्मनीच्या गृहस्थांनी एक ओळ लिहिली होती: इतिवृत्त वाचलं, मान्य आहे.